तेच तेच तुणतुणं : अभ्यासयोगाबद्दल थोडंसं



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक ९ आणि त्यावरचं ज्ञानेश्वरीतलं निरूपण.

काल आपण आठवा श्लोक पाहिला. मन माझ्या ठिकाणी ठेव, बुद्धीही माझ्याच ठिकाणी ठेव, मग तू माझ्यातच राहशील, असं भगवंत तिथे सांगतात. वाचायला किती सोपं! प्रत्यक्षात माळ हातात घेतली की तिसऱ्या मण्याला ऑफिसचा ग्रुप आठवतो, सातव्या मण्याला ईएमआय, आणि बाराव्या मण्याला आपण जप करत होतो हेच विसरायला होतं. माझं तरी असंच होतं. तुमचं होत नसेल तर तुम्ही धन्य आहात, आजचं चिंतन वगळलंत तरी चालेल.

भगवंतांना हे ठाऊक आहे. म्हणून नवव्या श्लोकात ते लगेच आपल्यासाठी एक पायरी खाली येतात. अर्जुनाला ‘धनंजया’ अशी हाक मारून सांगतात की, चित्त माझ्या ठायी स्थिर ठेवणं तुला जमत नसेल तर अभ्यासयोगाने मला गाठायची इच्छा धर. बघा, ते रागावत नाहीत. ‘मग तुझ्याच्याने व्हायचं नाही’ असंही म्हणत नाहीत. जमत नाही? ठीक आहे, अभ्यास कर.

आता या ‘अभ्यास’ शब्दाने आपली फार गडबड केली आहे. आपल्याला अभ्यास म्हटलं की परीक्षा आठवते. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत मी जो अभ्यास केला तो सगळा पीएलमध्ये, रात्र रात्र जागून, पेपर संपला की विसरण्यासाठी. त्या अभ्यासाला शेवट होता, मार्क होते. गीतेतला अभ्यास तसा नाही. तिथे अभ्यास म्हणजे त्याच जागी पुन्हा येणं, परत परत येणं.

हा अर्थ मी भाष्य वाचून समजून घेतला असं सांगायला मला आवडलं असतं. पण खरं सांगतो, तो मला एका तारेच्या एका वाद्याने शिकवला, आणि तो अजून पुरता शिकून झालेला नाही. आज त्याबद्दलच लिहितो.

एक तार, एक सूर

तुणतुणं तुम्ही पाहिलं असेल. पोवाडा म्हणणाऱ्या शाहिराच्या मागे डफाबरोबर ते असतं, तमाशात सुरत्याच्या हातात असतं आणि गोंधळात संबळाच्या शेजारी असतं. नजर मात्र त्याच्यावर कधी ठरत नाही. शाहिराकडे बघतात, संबळ वाजवणाऱ्याकडे बघतात. तुणतुणंवाला मागे उभा असतो.

रचना अगदी साधी. आतून पोकळ असा लाकडाचा एक नळा. त्याच्या खालच्या तोंडावर कातडं ताणून बसवलेलं. नळ्याच्या बाहेरच्या बाजूला एक उभी काठी, आणि काठीच्या टोकाला खुंटी. कातड्याच्या मध्यातून निघालेली तार नळ्यातून वर जाते आणि खुंटीला गुंडाळली जाते. डाव्या बाजूला धरायचं आणि उजव्या हातातल्या बारीक काडीने तार छेडायची. संपलं. पडदे नाहीत, बोटं ठेवायच्या जागा नाहीत, सा आहे आणि साच आहे. तोच सूर आणि तोच ठेका, दोन्ही कामं एक तार करते.

म्हणूनच आपल्या भाषेत एखादा माणूस एकच गोष्ट घोळवत बसला की आपण म्हणतो, ‘काय तेच तेच तुणतुणं लावलंय!’ माझी आजी तासन्‌तास नाम घ्यायची तेव्हा लहानपणी मीही असंच म्हणायचो. आजी नुसती हसायची.

ते माझ्या हातात कसं आलं

आमचं मूळ गाव सोलापूर जिल्ह्यातलं. कुलदैवत तुळजाभवानी. घरात लग्न झालं की गोंधळ घालायचा, हा कुळाचार. चुलतभावाच्या लग्नानंतर गावी गोंधळ होता. अंगणात चौक मांडला होता, नव्या कापडावर धान्याची रास, त्यावर कलश, बाजूला दिवटी. गोंधळी म्हणून ज्यांचं घराणं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या येतं ते अण्णा आले होते. वय सत्तरीच्या आसपास. पायघोळ अंगरखा, गळ्यात कवड्यांची माळ. पण या वेळी त्यांच्याबरोबर माणसं कमी होती. संबळाला पुतण्या होता, झांजेला एक जण होता. तुणतुण्याला कुणीच नव्हतं. पूर्वी जे वाजवायचे ते थकले, आणि अण्णांचा मुलगा पुण्यात पार्सलं पोचवायचं काम करतो, त्याला रजा मिळाली नव्हती.

मी अगदी पुढे, मोबाइल धरून व्हिडिओ काढत बसलो होतो. अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तुणतुणं माझ्यासमोर धरलं.

“सायेब, वाईच धरा हे. नुसतं वाजवत ऱ्हावा.”

मला वाटलं, यात काय! एक तार तर आहे. लहानपणी दोन वर्षं तबला शिकलेला माणूस मी. फोन खिशात टाकला आणि उभा राहिलो. पहिली पाच मिनिटं मजा आली. मग देवीला बोलावणं सुरू झालं. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, एकेका ठिकाणच्या दैवताला गोंधळाला येण्याचं आवतण. संबळ हळूहळू चढत गेला, आणि मी कधी मागे तर कधी पुढे. दंड भरून आला. लक्ष गेलं ते आत्याच्या मुलांकडे, ती माझाच व्हिडिओ काढत होती. दहाव्या मिनिटाला अण्णांच्या पुतण्याने संबळ न थांबवता मानेनेच मला ‘राहू द्या’ अशी खूण केली.

मंडळी, मी दिवसाला कोट्यवधी व्यवहार सांभाळणाऱ्या सिस्टिमवर काम करतो. आणि एका तारेवर दहा मिनिटं मला लक्ष ठेवता आलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही. अपमानापेक्षा भीती जास्त वाटली. जे मन दहा मिनिटं एका सुरावर थांबत नाही ते शेवटच्या क्षणी देवाच्या नावावर कसं थांबेल?

सकाळी अण्णांना विचारलं, मला शिकवाल का? ते हसले. वर्षातले बरेच महिने ते पुण्यात मुलाकडे, हडपसरच्या बाजूला असतात. म्हणाले, “या रविवारचं. पर शिकवायचं काय हाय त्यात?”

बाबा मात्र हसले नाहीत. “इंजिनीअर केलं ते तुणतुणं वाजवायला का?” एवढंच म्हणाले.

निमिषभर

शिकायला लागलो तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. या वयात शिकताना एक अडचण असते. आपल्याला आपल्या कामात हुशार असण्याची सवय झालेली असते. नवखेपणा सोसवत नाही. मी लगेच माझ्या पद्धतीने व्यवस्था लावली. मोबाइलवर मेट्रोनोम घेतला, रोजच्या सरावाची नोंद ठेवणारं अॅप घेतलं, रोज चाळीस मिनिटं असं ठरवलं.

पहिल्याच रविवारी अण्णांनी मेट्रोनोमची टिकटिक ऐकली आणि विचारलं, “ह्ये घड्याळ कशाला?”

“ठेका चुकू नये म्हणून.”

“तुमी मोजताय सायेब. मोजू नका, ऐका. तुणतुणं हातानं न्हाई वाजत, कानानं वाजतंय.”

अर्थ कळायला काही महिने लागले. गोंधळातला संबळ घड्याळासारखा चालत नाही. कथा चढली की तो चढतो, सांगणारा थांबला की तो श्वास घेतो. तुणतुणंवाल्याने सतत त्याच्याकडे कान ठेवायचा असतो. मी माझ्या आतल्या आकड्यांकडे लक्ष देत होतो, म्हणून चुकत होतो. जपाचंही हेच नाही का? किती माळा झाल्या याकडे आपलं लक्ष असतं आणि ज्याचं नाव घेतोय त्याच्याकडे कान नसतो.

एकवीस दिवस सराव सलग झाला. बाविसाव्या दिवशी रात्री रिलीज होतं, पहाटे चारला घरी आलो, सराव बुडाला. अॅपवरचा आकडा शून्यावर आला. इतका वैतागलो की पुढचे नऊ दिवस तुणतुण्याला हातही लावला नाही. तुम्हाला ओळखीचं वाटत असेल! जिम, डायरी, पारायण, सगळ्याचं आपण हेच करतो. साखळी तुटली की दोरच फेकून देतो.

अपराधी चेहऱ्याने अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, “एक दिस उपास घडला म्हून दुसऱ्या दिशी जेवायचं सोडता व्हय?”

घरी येऊन नवव्या श्लोकावरचं माउलींचं निरूपण उघडलं. आधीही वाचलं होतं, पण त्या दिवशी दिसलं. माउली काय सांगतात बघा. सगळं चित्त मला देणं जमत नसेल तर आठ प्रहरांतून फक्त एक निमिष मला देत जा. निमिष! पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. मग ते जेवढा वेळ माझं सुख अनुभवेल, तेवढा वेळ त्याला विषयांची गोडी वाटणार नाही. शरद ऋतू आला की नदी जशी ओहोटीला लागते, तसं चित्त हळूहळू प्रपंचातून निघू लागेल. पौर्णिमेनंतर चंद्र रोज थोडा थोडा कमी होत अमावास्येला जसा दिसेनासा होतो, तसं मनाचं होईल.

या दोन्ही दाखल्यांत एक गंमत आहे. नदी ओसरताना दिसत नाही. सकाळी एक आणि संध्याकाळी एक असा फोटो काढला तर फरक कळणार नाही. चंद्राचंही तेच. माउली इंजिनीअरला न आवडणारी गोष्ट सांगतायत, की प्रगती रोज मोजता येणार नाही. तू फक्त निमिष देत जा. पुढे ते असंही सांगतात की अभ्यासाने माणसं अंतराळात चालली, विष पचवलं, समुद्रावर वाट केली, तेव्हा अभ्यासाला अशक्य असं काही नाही. पण सुरुवात कशी? निमिषभर.

मी अॅप काढून टाकलं. चाळीस मिनिटांचा हट्ट सोडला. ऑफिसला निघायच्या आधी फक्त तार लावायची आणि जेवढं होईल तेवढं वाजवायचं, कधी पाच मिनिटं, कधी पंधरा.

तार लावायची म्हणजे काय, तेही सांगतो. पुण्याच्या पावसाळ्यात हवा ओलसर असते. कातडं ओल धरतं, सैल पडतं, आणि तार उतरते. काल रात्री बरोबर लावलेला सूर सकाळी खाली आलेला असतो. मला आधी वाटलं वाद्यात बिघाड आहे. अण्णा म्हणाले, कातडं हाय, हवा लागणारच. रोज लावायचं. बस्स. सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो की मन आवरणं वारा अडवण्याइतकं कठीण आहे, आणि भगवंत ते नाकारत नाहीत. मन चंचल आहे, हे खरंच आहे, पण अभ्यासाने आणि वैराग्याने ते ताब्यात येतं, असं ते पस्तिसाव्या श्लोकात सांगतात. मन उतरतं म्हणजे मनात बिघाड आहे असं नाही. त्याला जगाची हवा लागते. रोज लावायचं.

मी विसरलेली तिसरी अट

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, छान, अभ्यास जमला. मलाही तसंच वाटलं होतं.

पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्या पादातलं चौदावं सूत्र अभ्यासाबद्दल आहे. अभ्यास घट्ट कधी होतो? त्याला तीन अटी. एक, दीर्घकाळ केला पाहिजे. दोन, खंड न पडता केला पाहिजे. आणि तीन, सत्कारपूर्वक केला पाहिजे. पहिल्या दोन अटी आपण सगळे पाठ करतो. सातत्य, सातत्य म्हणून ओरडणारे व्हिडिओ रोज बघतो. तिसरी अट कुणी सांगत नाही. सत्कार, म्हणजे आदर.

एका रविवारी अण्णांच्या दारात बूट काढताना मी तुणतुणं खाली टेकवलं, चपलांच्या शेजारी. लॅपटॉपची बॅग ठेवतो तसं. अण्णा काही बोलले नाहीत. उठले, ते उचललं, कपाळाला लावलं आणि भिंतीवर देवीच्या तसबिरीशेजारी खुंटीला अडकवलं. मग नेहमीसारखा चहा मागवला. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

तुमच्यापैकी जे गावाकडच्या अखंड हरिनाम सप्ताहाला गेले असतील त्यांनी वीणा पाहिली असेल. सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. पहारे लावलेले असतात. एकाचा पहारा संपला की दुसरा पुढे येतो, आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. कोण लहान, कोण मोठा, बघत नाहीत. सातत्य आणि सत्कार तिथे एकाच क्षणात दिसतात. पाया न पडता वीणा नुसती हातोहात फिरवली, तर तो पहारा फक्त शिफ्ट ड्युटी होईल.

त्याच दिवशी अण्णांच्या मुलाशी पहिल्यांदा नीट बोललो. मी उत्साहाने विचारलं, “तू का नाही शिकलास?” तो सरळ म्हणाला, “शाळेत पोरं मागतकरी म्हणून चिडवायची, सर. तुम्ही शिकता ती तुमची हौस. आम्ही वाजवलं की जात दिसते.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. तो मला टाकून बोलला नव्हता, जे आहे ते बोलला होता. मला तुणतुण्याबद्दल प्रेम वाटायला लागलं होतं. ज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवलं त्यांच्या वाट्याला काय आलं, हा प्रश्न मी इतक्या महिन्यांत स्वतःला एकदाही विचारला नव्हता. देवी आमची, कुळाचार आमचा, आणि तिला बोलावणारा माणूस अंगणापुरता.

पंगत

या वर्षी धाकट्या भावाचं लग्न झालं. गोंधळ ठरला. मी अण्णांना म्हटलं, तुणतुण्याला मी उभा राहतो. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मागं उभं ऱ्हावं लागतंय. लोक बघणार न्हाईत तुमच्याकडं.” म्हटलं, चालेल.

रात्री गोंधळ उभा राहिला. नमन झालं, आवतण झालं, मग आख्यान. मी अण्णांच्या मागे. पहिल्या तासात दोनदा चुकलो, पण सावरलो. नंतर कधीतरी, नेमकं कधी ते सांगता येणार नाही, मोजणं बंद झालं. संबळ होता, तार होती आणि अण्णांचा आवाज होता. किती वेळ? कदाचित निमिषभरच. पण त्या वेळात ‘मी बरा वाजवतोय’ हा विचारही नव्हता. तो आला आणि लगेच चुकलो!

आरती झाली. पानं मांडली. आणि इथे जे झालं ते सांगितल्याशिवाय आजचं चिंतन खोटं ठरेल.

आमच्याकडे पद्धत अशी की घरच्यांची आणि पाहुण्यांची पंगत आत, आणि गोंधळ्यांचं पान बाहेर, ओसरीच्या कडेला. कुणी मुद्दाम अपमान करतं असं नाही. पद्धत आहे, एवढंच. आत्याने हाक मारली, “अरे, तू आत ये, त्यांचं बाहेर वाढलंय.” आणि मी गेलो. इतकी सवय! हातपाय धुतले, आत जाऊन बसलो, पानावर वरण-भात आला, तूप आलं. घास उचलला आणि दारातून नजर बाहेर गेली. अण्णा आपल्या पुतण्याबरोबर भिंतीला टेकून बसले होते. मांडीवर माझं तुणतुणं होतं. मी घाईत ते ओट्यावरच सोडून आलो होतो. जेवायच्या आधी ते माझी तार सैल करून ठेवत होते.

घास खाली ठेवला. पान उचललं आणि बाहेर जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. भाषण वगैरे काही केलं नाही. मोठे काका म्हणाले, “हे काय नवीन?” मी म्हटलं, “काका, आज मी यांच्यातलाच होतो ना, रात्रभर.” कुजबुज झाली. आईचा चेहरा उतरला, कारण घर पाहुण्यांनी भरलेलं. मला वाईट वाटलं. पण उठलो नाही.

थोड्या वेळाने बाबा बाहेर आले. हातात ताकाचं भांडं होतं. अण्णांना म्हणाले, “अण्णा, आत जागा आहे. सगळेच आत चला.” अण्णा म्हणाले, “आता बसलोय मालक. फुडच्या येळेला.” बाबांनी त्यांना ताक वाढलं, मला वाढलं, आणि तिथेच पायरीवर बसून राहिले.

एवढंच घडलं. एका पंगतीने काही बदललं असं मी म्हणणार नाही. अण्णांच्या मुलाच्या प्रश्नाचं हे उत्तरही नाही. पण सत्कार ही मनात ठेवायची भावना नाही, तिला जागा लागते, हे मला त्या रात्री कळलं. पंगतीत जागा, भिंतीवर खुंटी, बोलण्यात ‘अहो’. ज्याच्याकडून शिकतो त्याला ओसरीच्या कडेला बसवून केलेला अभ्यास कितीही वर्षं चालू ठेवला तरी तो घट्ट होणार नाही. तार कातड्याला बांधलेली असते. कातडंच सैल असेल तर वर खुंटी कितीही पिळा.

पुढच्या रविवारी गेलो. तुणतुणं कपाळाला लावून खुंटीला अडकवलं आणि विचारलं, “अण्णा, कसं झालं त्या रात्री?”

“आख्यानात दोनदा फुडं पळालास.”

दोन वर्षं ते मला ‘सायेब’ आणि ‘तुमी’ म्हणत होते. त्या दिवशी पहिल्यांदा एकेरीवर आले. मंडळी, मला मिळालेलं ते सगळ्यात मोठं सर्टिफिकेट आहे.

आपल्यासाठी

तर नववा श्लोक. भगवंत आपल्याला कठीण काही मागत नाहीत. तेच तेच मागतात. आणि आपल्याला नेमकं तेच नको असतं. आपल्याला रोज नवं काहीतरी हवं, नवं स्तोत्र, नवा व्हिडिओ, नवी साधना. तुणतुण्याकडे दुसरा सूरच नाही, म्हणून ते भटकत नाही. आजीचं नाम तसंच होतं. आज ती असती तर तिच्या शेजारी बसून म्हटलं असतं, आजी, लाव तुझं तेच तुणतुणं, मी मागे उभा राहतो.

आजचा छोटा संकल्प, तीन अटींचा :

एक, आज निमिषभर. फक्त एक मिनिट, पण पूर्ण कान देऊन नाम. घड्याळ लावू नका.

दोन, काल बुडालं असेल तर हिशोब करू नका. काल उपास घडला, आज जेवा.

तीन, ज्या कुणामुळे हे नाम, हे भजन, ही परंपरा तुमच्यापर्यंत पोचली अशा एका माणसाची आठवण करा. आजी असेल, गावचे वीणेकरी असतील, दारात येणारा वासुदेव असेल. आणि त्या माणसासाठी आज काहीतरी प्रत्यक्ष करा. फोन करा, भेटा, शेजारी बसा. नुसता नमस्काराचा इमोजी नको.

हे जगदंबे, हे पांडुरंगा, आमची तार रोज उतरते. रोज लावायची बुद्धी दे. आमचा कान तुझ्या ठेक्याकडे राहू दे. आणि ज्यांच्या हातून तुझं नाव आमच्यापर्यंत आलं त्यांना आमच्या पंगतीत जागा देण्याएवढं आमचं मन मोठं कर.

उद्या दहावा श्लोक. अभ्यासही जमत नसेल तर काय करायचं, ते भगवंत तिथे सांगतात. म्हणजे आणखी एक पायरी खाली येतात. किती वाट बघतात ते आपली!

राम कृष्ण हरी.